स्नॅपचे पैसे अडकले तर काय करायचं? फूड बँक, पॅन्ट्री आणि पहिले दोन आठवडे

१ नोव्हेंबर २०२५ ला शनिवार होता, आणि संध्याकाळी मला आमच्या कॉम्प्लेक्समधल्या एका ताईंचा फोन आला, इंडियन ग्रोसरीच्या बाहेरून, आवाज एकदम खाली. काउंटरवर स्नॅपचं कार्ड (सरकार दर महिन्याला किराण्यासाठी पैसे टाकतं ते) स्वाइप केलं तर रिजेक्ट, परत केलं परत रिजेक्ट, मागे लाइन, मग आट्याची पिशवी, तूरडाळ, दूध सगळं तिथेच ठेवून त्या बाहेर आल्या. म्हणाल्या, बातम्यांत सांगत होते गं, पण मला वाटलं आपलं नाही अडकणार.

मी न्यू जर्सीत राहते आणि गेली काही वर्षं शनिवारी सकाळी एका चर्चच्या बेसमेंटमधल्या फूड पॅन्ट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट किराणा देतात तिथे, व्हॉलंटियर म्हणून जाते, तर त्या नोव्हेंबरात जे बघितलं, जे लोकांना परत परत सांगावं लागलं, ते एकदा नीट लिहून ठेवते. आणि हो, आधीच सांगते, "आपल्या लोकांना कुठे स्नॅप लागतं" असं म्हणणारे खूप भेटतात, पण गॅस स्टेशनवर, मोटेलमध्ये, दुकानाच्या काउंटरवर तासावर काम करणारे आपलेच आहेत, नवरा गेलेल्या किंवा वेगळ्या राहणाऱ्या बायका आहेत, मुलाच्या मागे इकडे येऊन नंतर एकटे पडलेले आजी-आजोबा आहेत. मंडळाच्या गणपतीत नटून येतात म्हणून कळत नाही एवढंच.

आता झालं काय होतं ते थोडक्यात, कारण पुढच्या वेळी बातमी ऐकल्यावर कधी घाबरायचं आणि कधी नाही ते कळायला हवं. स्नॅप म्हणजे जुने फूड स्टॅम्प, दर महिन्याला ईबीटी कार्डावर पैसे येतात, फक्त खाण्याच्या वस्तूंसाठी. अमेरिकेत ४ कोटींहून जास्त लोक यावर आहेत, म्हणजे ८ माणसांत १. १ ऑक्टोबरला सरकारचं शटडाउन (खर्चाला मंजुरी नाही म्हणून सरकारी कामं बंद) सुरू झालं, ऑक्टोबरचे पैसे आले, पण नोव्हेंबरचे येणार नाहीत असं स्नॅप चालवणाऱ्या कृषी खात्याने जाहीर केलं. ३१ ऑक्टोबरला ऱ्होड आयलंड आणि मॅसॅच्युसेट्सच्या दोन फेडरल जजेसनी सांगितलं की आणीबाणीचा निधी आहे तो वापरा, मग सरकार म्हणालं अर्धे देऊ, मग थोडे जास्त देऊ, मग सुप्रीम कोर्टात प्रकरण, काही राज्यांनी पूर्ण पैसे टाकले तर त्यांना वरून सांगण्यात आलं की ते मागे घ्या. एका राज्यात पूर्ण आले, शेजारच्या राज्यात अर्धे, तिसऱ्यात काहीच नाही, अशी सगळी खिचडी. १२ नोव्हेंबरला रात्री शटडाउन संपलं, ४३ दिवस चाललं, आजवरचं सगळ्यात लांब तेव्हा तेच. १९६४ साली फूड स्टॅम्पचा कायदा झाला तेव्हापासून शटडाउनमुळे महिन्याचे पैसेच आले नाहीत असं पहिल्यांदाच झालं. आणि शटडाउन संपवणाऱ्या त्या कायद्याने स्नॅपला पैसे दिले ते ३० सप्टेंबर २०२६ पर्यंतचे, म्हणजे हे कायमचं मिटलं असं समजून बसू नका.

पहिल्या दिवशी काय करायचं

सगळ्यात आधी कार्डावर काय शिल्लक आहे ते बघा. हे इतकं साधं आहे पण त्या आठवड्यात कितीतरी लोकांना वाटलं की कार्डच बंद पडलं. नवीन पैसे आले नाहीत तरी मागच्या महिन्याचे उरलेले तुमचेच असतात आणि वापरता येतात. ताईंच्या कार्डात ११ डॉलर आणि काहीतरी सेंट होते, काउंटरवर बिल ४० च्या वर गेलं म्हणून रिजेक्ट झालं, नुसतं दूध आणि ब्रेड घेतलं असतं तर चाललं असतं. कार्डाच्या मागे जो नंबर छापलाय त्यावर फोन करून किंवा तुमच्या राज्याच्या अधिकृत अ‍ॅपवर बघा. फोनवर मेसेज येईल "तुमचं स्नॅप थांबलंय, इथे क्लिक करून चालू करा", तर त्याला हात लावू नका, असल्या गोंधळात चोरांची दिवाळी असते. पिन कोणी फोनवर मागितला तर फोन ठेवून द्या. आणि पैसे जमा व्हायच्या आदल्या दिवशी पिन बदलायची सवय लावून घ्या, कारण दुकानातल्या मशीनवर छुपं यंत्र बसवून कार्डाची माहिती चोरतात, आणि चोरीला गेलेले पैसे फेडरल सरकारकडून भरून मिळायचे ती सोय डिसेंबर २०२४ मध्ये संपली.

दुसरं, पैसे का आले नाहीत हे शोधा, कारण दर वेळी कारण शटडाउन नसतं. माझ्या टेबलावर वर्षभर जे लोक येतात त्यातल्या बऱ्याच जणांचे पैसे एका कागदापायी थांबलेले असतात. काउंटीचं पत्र येतं की रिन्यूअलचा फॉर्म भरा, पगाराच्या स्लिपा पाठवा, पत्र जुन्या पत्त्यावर जातं किंवा जाहिरातींच्या गठ्ठ्यात जातं, आणि मग १ तारखेला कार्ड रिकामं. असं असेल तर त्याच दिवशी काउंटीच्या ऑफिसात जा, कागद द्या आणि दिल्याची पावती किंवा शिक्का घ्या, फोनवर तासभर होल्डवर बसण्यापेक्षा प्रत्यक्ष गेलेलं बरं पडतं असा माझा तरी अनुभव. चुकून बंद केलंय असं वाटत असेल तर फेअर हिअरिंग, म्हणजे निर्णयाविरुद्ध सुनावणी, मागायचा हक्क आहे, ९० दिवसांच्या आत मागायची, पत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आणि नोकरी गेलीय, हातात काहीच नाही अशी वेळ असेल तर नवीन अर्ज करताना एक्स्पिडायटेड, म्हणजे तातडीचं, हवंय असं तोंडाने सांगा. महिन्याचं उत्पन्न १५० डॉलरच्या खाली आणि हातात, बँकेत मिळून १०० च्या वर नसतील, किंवा घरभाडं आणि लाइट-गॅसचं बिल मिळून तुमचं उत्पन्न आणि शिल्लक यांच्या बेरजेपेक्षा जास्त असेल, तर ७ दिवसांत द्यावं लागतं, एरवी ३० दिवस लागतात. न मागता कोणी आठवण करून देईल या भरवशावर राहू नका.

फूड बँक वेगळी, पॅन्ट्री वेगळी

लोक फूड बँकेचा पत्ता शोधतात, अर्धा तास गाडी चालवून जातात आणि समोर बघतात तर गोडाऊन, फोर्कलिफ्ट, ट्रक. फूड बँक म्हणजे घाऊक बाजार समजा आणि पॅन्ट्री म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान. सरकारकडून, कंपन्यांकडून, शेतकऱ्यांकडून, सुपरमार्केटकडून माल येतो तो फूड बँकेत, तिथून तो चर्च, मंदिर, शाळा, सीनियर सेंटर अशा ठिकाणच्या पॅन्ट्र्यांमध्ये जातो आणि तिथून आपल्या हातात. फीडिंग अमेरिका नावाचं जे देशभरचं जाळं आहे त्यात सुमारे २०० फूड बँका आणि ६०,००० च्या आसपास पॅन्ट्र्या आणि जेवणाची ठिकाणं आहेत. ही कल्पना जुनी आहे, १९६७ साली अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्समध्ये जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली फूड बँक काढली, सेंट मेरीज, अजून चालू आहे. आमच्याकडे न्यू जर्सीत मोठी म्हणजे हिलसाइडची कम्युनिटी फूडबँक ऑफ न्यू जर्सी, मॉनमथ आणि ओशन काउंटीकडे फुलफिल, दक्षिणेला पेनसॉकेनची फूड बँक ऑफ साउथ जर्सी. तुमच्या राज्यात तुमची असेल. तिच्या वेबसाइटवर झिप कोड टाकला की जवळच्या पॅन्ट्र्यांची यादी येते, तोच रस्ता.

नेट नको असेल तर फोनवरून २११ लावा. ९११ नाही, २११. भाषा हवी ती सांगा, दुभाषा मिळतो, हिंदी तर सहज, मराठी म्हणून बघा, थोडं थांबावं लागेल. ते पॅन्ट्री सांगतातच पण भाडं, लाइट बिल यांची मदत कुठे मिळते तेही विचारून घ्या एकाच फोनमध्ये.

यादी मिळाली की जाण्याआधी फोन करा. हे मी ठळक अक्षरात लिहायला हवं. कितीतरी पॅन्ट्र्या आठवड्यात एकच दिवस दोन तास उघड्या असतात, काही महिन्यातून दोनदा, काहींना अपॉइंटमेंट लागते, काही फक्त त्यांच्या गावच्या लोकांना देतात, आणि नेटवरची वेळ दोन वर्षं जुनी असू शकते. विचारायचं काय: कुठल्या दिवशी, किती वाजता, नंबर किती वाजल्यापासून वाटतात, काय कागद लागतील, महिन्यातून किती वेळा येता येतं. दोन-तीन पॅन्ट्र्यांचे वार वेगळे असतील तर कागदावर लिहून फ्रीजवर लावा. एका पॅन्ट्रीतून दुसरीत गेलं तर कोणी चोर म्हणत नाही, बहुतेक ठिकाणी चालतं, काही ठिकाणी सरकारी माल महिन्याला एकाच जागेवरून घ्या म्हणतात तेवढं विचारून घ्या.

आत गेल्यावर काय होतं

ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा गाडीतच बसून राहिल्या होत्या २० मिनिटं. मी खिडकीवर टकटक केली. त्यांना वाटत होतं आत कोणी प्रश्न विचारेल, नवरा कुठेय, काम का करत नाही. असं काही नसतं. आमच्याकडे दारात एक टेबल असतं, त्यावर नाव, पत्ता, घरात किती माणसं, त्यातली मुलं किती आणि ६० च्या वरची किती, एवढं विचारतात. सरकारी माल, ज्याला टीफॅप म्हणतात, त्यासाठी एका फॉर्मवर सही करायची असते की आमच्या घरचं उत्पन्न या रकमेच्या आत आहे. सही म्हणजे सही, पगाराची स्लिप दाखवावी लागत नाही. काही ठिकाणी पत्त्याचा काहीतरी पुरावा मागतात, लाइटचं बिल किंवा आलेलं पाकीट असलं तरी चालतं, जवळ असू द्या. स्नॅप चालू असेल तरी पॅन्ट्रीत येता येतं, स्नॅप बंद असेल तरी येता येतं, दोन्हीचा एकमेकाशी संबंध नाही.

मग एक नंबर मिळतो आणि खुर्चीवर बसायचं. त्या नोव्हेंबरात दुसऱ्या शनिवारी आम्ही ९ ला दार उघडतो तर ८ वाजताच लाइन पार्किंग लॉटच्या कोपऱ्यावरून वळली होती, आणि त्यात नेहमीचे चेहरे कमी, नवीनच जास्त, एक जण तर फेडरल ऑफिसच्या गळ्यातल्या ओळखपत्रासकट उभा होता, त्यांचेही पगार बंद होतेच ना.

आमची पॅन्ट्री चॉइसवाली आहे, म्हणजे दुकानासारखं रॅकमधून फिरायचं आणि रंगाच्या चिठ्ठीप्रमाणे धान्य दोन, डबे चार, भाजी हवी तेवढी असं उचलायचं. दुसऱ्या काही ठिकाणी भरलेला बॉक्स गाडीच्या डिकीत ठेवतात, त्यात निवड नसते. शाकाहारी असाल तर बॉक्सवाल्या ठिकाणी आधीच सांगा, बिनमांसाचा बॉक्स बनवून देतात बहुतेक वेळा, पण ट्यूनाचा डबा तुम्हाला दिसल्यावर तोंड वाकडं करून उपयोग नाही, त्यांना कळायला हवं ना. डब्यांवर वाचायचं काय तेही सांगते: रिफ्राइड बीन्समध्ये लार्ड म्हणजे डुकराची चरबी असू शकते, भाज्यांच्या सूपमध्ये चिकन ब्रॉथ असतं, जेलीच्या पाकिटात जिलेटिन. आणि "बेस्ट बाय" तारीख उलटली म्हणून डबा फेकू नका, ती चवीची तारीख असते, विषाची नाही. फुगलेला, गंजलेला किंवा शिवणीवर चेपलेला डबा मात्र अजिबात नको, आणि बाळाच्या फॉर्म्युल्याची तारीख काटेकोर पाळा.

एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. पॅन्ट्री स्नॅपची जागा भरून काढू शकत नाही. फूड बँकावाले स्वतःच सांगतात की आम्ही १ जेवण देतो तिथे स्नॅप ९ देतं. चार माणसांच्या घराला स्नॅपमध्ये महिन्याला जास्तीत जास्त ९९४ डॉलर मिळतात (ऑक्टोबर २०२५ पासूनचा आकडा), आमच्या दोन पिशव्या म्हणजे त्या घराचे चार-पाच दिवस, फार तर आठवडा. वर त्याच वर्षी मार्चमध्ये कृषी खात्याने शाळांना आणि फूड बँकांना स्थानिक शेतकऱ्यांकडून माल घ्यायला मिळणारे सुमारे १ अब्ज डॉलर रद्द केले होते, म्हणजे रॅक आधीच थोडे मोकळे होते. म्हणून डबे संपल्यावर येऊ नका. पैसे अडकणार असं कळलं त्याच आठवड्यात या, घरात अजून तांदूळ असताना. लाजेपायी लोक शेवटच्या दिवशी येतात आणि तोवर पॅन्ट्रीचा वार दोन दिवसांपूर्वी होऊन गेलेला असतो.

लाजेचं म्हणाल तर आमच्याकडे एक आजोबा आहेत मराठवाड्यातले, मुलाची नोकरी गेली तेव्हा सून पॅन्ट्रीतून सामान घेऊन आली तर म्हणाले मी फुकटचं खाणार नाही. मी म्हटलं, आजोबा, ७२ च्या दुष्काळात रेशनवर मिलो खाल्लीत ना, लाल ज्वारी, ती कुठून आली होती? अमेरिकेतूनच की. हसले आणि म्हणाले, ती मिलो जनावरं पण खात नव्हती, हा तांदूळ तरी बरा आहे.

घरी आणल्यावर: मसाल्याचा डबा असला की झालं

हा भाग कोणीच सांगत नाही म्हणून जरा सविस्तर. पॅन्ट्रीचं सामान बघून आपल्या बायकांना पहिला प्रश्न पडतो की याचं करायचं काय. गारबॅन्झोचे डबे म्हणजे आपले छोले, पाणी फेकून दोनदा धुवा, मीठ जातं, मग कांदा-खोबऱ्याचं वाटण घालून उसळ. ब्लॅक आय्ड पीज म्हणजे चवळी. लेंटिल म्हणून जे हिरवट-तपकिरी मिळतं ते अख्खे मसूर, गोडा मसाला आणि आमसूल टाकून आमटी करा. स्प्लिट पीज म्हणजे वाटाण्याची डाळ, तूरडाळीसारखीच शिजते पण घट्ट होते म्हणून पाणी जास्त. टोमॅटोच्या डब्याचं सार होतं. ग्रिट्स नावाचा मक्याचा रवा येतो त्याचा उपमा होतो, मोहरी, कढीपत्ता असेल तर उत्तमच. ओट्स मिक्सरमधून काढून थालीपिठात अर्धे घाला, घरच्यांना सांगू नका. भाजीला दाण्याचं कूट नसेल तर बिनसाखरेचा पीनट बटर एक चमचा, खरंच चालतो, मी वांग्याच्या भाजीत घातलाय. आणि नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगमुळे लाल भोपळ्याच्या गराचे डबे ढिगाने येतात, कोणी उचलत नाही, त्याचे घारगे होतात. गूळ नसेल तर ब्राउन शुगर, कणीक मावेल तेवढी, पाणी अजिबात नाही, डब्यातला गर बराच ओला असतो म्हणून आधी कढईत थोडा आटवून घ्या. ताईंच्या मुलाने शाळेत घारगे नेले आणि मित्रांना पम्पकिन डोनट सांगून वाटले.

आट्याचा मात्र प्रॉब्लेम होतो, पॅन्ट्रीत मैदा असतो, क्वचित होल व्हीट. म्हणून कार्डावर किंवा हातात जे थोडे पैसे असतील ते आटा, तेल, हिंग-मोहरी-हळद यावर घाला आणि डाळ, तांदूळ, डबे, दूध हे पॅन्ट्रीतून आणा. उलटं केलं तर फोडणीला काही उरत नाही.

पॅन्ट्री सोडून अजून काय

शाळा. स्नॅपवर असलेल्या घरातल्या मुलांना शाळेत सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण फुकट मिळायचा हक्क आपोआप लागू होतो, वेगळा अर्ज बहुतेक करावा लागत नाही, आणि शटडाउनमध्ये स्नॅप थांबलं तेव्हाही शाळेचं जेवण चालू होतं. ताई तरी रोज डबाच देत होत्या कारण मुलगा म्हणायचा तिथे सगळं चिकनच असतं. शाळेच्या ऑफिसात जाऊन विचारलं तर चीज पिझ्झा, बीन बरिटो, दही-फळं असा बिनमांसाचा पर्याय होताच, मागावा लागत होता. दिवसाची दोन जेवणं सुटली. शुक्रवारी शनिवार-रविवारसाठी खाऊची पिशवी देणाऱ्या शाळाही आहेत, कौन्सेलरला विचारा, मुलाला नका विचारू.

विक (WIC). गरोदर बाई, नुकतं बाळंतपण झालेली, ५ वर्षांखालचं मूल, यांच्यासाठी हा वेगळा कार्यक्रम आहे, दूध, अंडी, फळं-भाज्या, बाळाचा फॉर्म्युला मिळतो, आणि त्यात इमिग्रेशन स्टेटस विचारत नाहीत. ६० च्या वरच्यांसाठी महिन्याला एक बॉक्स मिळायची सोय बऱ्याच ठिकाणी आहे, २११ ला सीनियर बॉक्स म्हणून विचारा.

आणि गुरुद्वारा. लंगर रोज किंवा रविवारी असतो, धर्म, नाव काही विचारत नाहीत, गरम वरण-भात-भाजी-पोळी, डोकं झाकायचं, बूट काढायचे, खाली बसायचं. मला तर वाटतं नवीन आलेल्या प्रत्येक देशी विद्यार्थ्याला हे पहिल्या आठवड्यात सांगायला हवं. विद्यार्थी असाल तर कॉलेजची पण पॅन्ट्री असते बहुतेक, आयडी कार्ड दाखवलं की झालं.

इमिग्रेशनची भीती

हा प्रश्न दर शनिवारी कानात येऊन विचारतात. एच-१बी (नोकरीचा व्हिसा), एफ-१ (विद्यार्थ्यांचा व्हिसा) वाल्यांना स्वतःसाठी स्नॅप मिळतच नाही, ग्रीन कार्डवाल्या मोठ्या माणसांना साधारण ५ वर्षं थांबावं लागतं, पण इथे जन्मलेलं मूल नागरिक आहे आणि उत्पन्न बसत असेल तर त्या मुलापुरता अर्ज करता येतो. तुमच्यासाठी स्नॅप घ्यावं की नाही, पुढे त्याचा काय परिणाम, हे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर न विचारता इमिग्रेशन वकिलाला विचारा, नियम बदलायच्या हालचाली सारख्या चालू असतात आणि मी वकील नाही. पॅन्ट्रीचं मात्र साधं आहे: टीफॅपला नागरिकत्वाची अट नाही, आमच्या फॉर्मवर व्हिसाचा रकाना नाही, सोशल सिक्युरिटी नंबरचा नाही. कुठे मागितलाच तर न देता विचारा कशाला हवाय, आणि पटलं नाही तर दुसरी पॅन्ट्री.

ज्यांचं बरं चाललंय त्यांच्यासाठी

पैसे द्या. डबे नको असं नाही, पण फूड बँक घाऊक घेते, तुमच्या १० डॉलरमध्ये तुम्ही चार डबे आणाल, ती कितीतरी जास्त आणेल. तरी सामानच द्यायचं असेल तर बंद पाकिटातली तूरडाळ, मूगडाळ, २-४ पाउंडाचे तांदूळ, छोट्या तेलाच्या बाटल्या, आट्याची छोटी पिशवी. ४० पाउंडाची तांदळाची गोणी आणू नका, ती आम्हाला फोडून वाटता येत नाही. मोटेलमध्ये राहणाऱ्यांसाठी बोटाने उघडणारे डबे आणा, त्यांच्याकडे डबा उघडायचं यंत्र नसतं. साबण, डायपर, सॅनिटरी पॅड यांना स्नॅपचे पैसे चालतच नाहीत, त्यामुळे ते रॅकवर ठेवलं की पाच मिनिटांत संपतं. घरचं लोणचं, घरच्या चकल्या कितीही छान असल्या तरी घेता येत नाहीत, लेबल नसतं. आणि साफसफाई केली म्हणून २०१९ चा ढोकळा मिक्स पाठवणाऱ्यांनी... जाऊ दे.

वेळ द्यायचा असेल तर थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात नको, तेव्हा व्हॉलंटियर इतके की उभं राहायला जागा नसते. फेब्रुवारीत या, मंगळवारी दुपारी या. मराठी, गुजराती, हिंदी बोलणारं माणूस दारातल्या टेबलावर असलं की गाडीत बसून राहणारे लोक उतरतात, मी बघितलंय.

पैसे आले की

उशिरा आलेले पैसे आणि पुढच्या महिन्याचे पैसे यातलं अंतर मोजा. नोव्हेंबरचे पैसे मध्यावर आले आणि डिसेंबरचे लगेच आले तेव्हा लोकांना वाटलं डबल आले. २०१९ च्या शटडाउनमध्ये उलटं झालं होतं, फेब्रुवारीचे पैसे जानेवारीतच २० तारखेच्या सुमाराला देऊन टाकले, लोकांनी बोनस समजून खर्च केले आणि मग मार्चपर्यंत हात रिकामे. न वापरलेले पैसे पुढच्या महिन्यात जातात, बुडत नाहीत (कार्ड ९ महिने अजिबात वापरलं नाही तरच जातात), म्हणून घाई नको. दोन आठवडे पुरेल एवढी डाळ, तांदूळ, तेल वेगळ्या डब्यात काढून ठेवा आणि त्या डब्याला हात लावायचा नाही.

आणि पॅन्ट्रीत येताना पिशव्या घेऊन या, चार तरी, न्यू जर्सीत २०२२ पासून दुकानांतल्या प्लास्टिकच्या पिशव्या बंद आहेत आणि आमच्याकडच्या संपलेल्या असतात. डब्यांचं वजन खूप होतं, कागदी पिशवीचा तळ पार्किंग लॉटमध्ये सुटतो आणि मग भोपळ्याचे डबे गाड्यांखाली घरंगळत जातात, ते गोळा करायला मलाच वाकावं लागतं.